व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हीएस कोड: नाव सारखं, काम वेगळं

दारव्हा-दिग्रसकडच्या कॉलेजातली पोरं नेहमी विचारतात, "सर, व्हिज्युअल स्टुडिओ टाकून राहिलो, रात्र गेली तरी डाउनलोड संपत नाही. मित्राचं तर लगेच झालं." मित्रानं टाकलेलं असतं व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजेच व्हीएस कोड. दोन्ही मायक्रोसॉफ्टची, प्रोग्रॅम लिहायची सॉफ्टवेअर आहेत, पण एक म्हणजे दुसऱ्याची छोटी आवृत्ती नव्हे.

व्हिज्युअल स्टुडिओ १९९७ साली आलं. त्याची जातकुळी आपल्या लॅबमधल्या निळ्या पडद्याच्या टर्बो सीची. कोड लिहिणं, कंपाइल करणं (म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात बदलणं), चालवून पाहणं, सगळं एकाच ठिकाणी. अशा सॉफ्टवेअरला आयडीई म्हणतात. बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कलनं १९८३ मध्ये ही सोय स्वस्तात घरोघरच्या कॉम्प्युटरवर आणली. व्हिज्युअल स्टुडिओत कंपाइल करणारा कंपायलर, चुका शोधायला डीबगर आणि विंडोजचे फॉर्म मांडायची सोय सोबतच मिळते. म्हणूनच ते जड आहे. साधारण २० ते ५० जीबी मोकळी जागा लागते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर ते उतरवायचं म्हणजे पोराचे कित्येक दिवस जातात.

व्हीएस कोड २०१५ मध्ये आलं. ते मुळात एडिटर आहे, म्हणजे कोड लिहायची जागा. डाउनलोड २०० एमबीच्या आत, लिनक्सवरही चालतं, बाकी लागेल ते एक्स्टेन्शननं, म्हणजे वरून टाकायच्या छोट्या जोडणीनं, जोडायचं.

पोरं अडतात ती इथंच. टर्बो सीच्या सवयीनं प्रोग्रॅम लिहितात, रन करतात आणि खाली 'जीसीसी ओळखता येत नाही' असा एरर येतो. सॉफ्टवेअर बिघडलं समजून कित्येक जण ते काढूनच टाकतात. बिघडलेलं काहीच नसतं. व्हीएस कोडमध्ये सी चा कंपायलर नाही, सी चं एक्स्टेन्शन टाकलं तरी तो येत नाही. मिनजीडब्ल्यू (त्यात विंडोजसाठीचा जीसीसी हा सी चा कंपायलर असतो) वेगळं टाकावं लागतं आणि त्याचा पत्ता विंडोजच्या पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, द्यावा लागतो. पायथनचंही तसंच: पायथन आधी, एक्स्टेन्शन नंतर.

मग नुसता एडिटर चुका कशा दाखवतो? २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, म्हणजे एडिटर आणि भाषेचा जाणकार प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी बोलायचे नियम. भाषेची जाण एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची, एडिटरनं त्याला विचारायचं. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या एडिटरलाही चालतो. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळं हलक्या मशीनवरही मोठ्या आयडीईची बरीचशी मदत मिळू लागली. आणि या दोन वाटा परक्या नाहीत. टर्बो पास्कलचा कंपायलर लिहिणाऱ्या अँडर्स हेल्सबर्ग यांनीच पुढं टाइपस्क्रिप्ट घडवली, आणि व्हीएस कोड त्याच भाषेत लिहिलेलं आहे.

४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सी, पायथन किंवा वेबसाइट शिकायची असेल तर व्हीएस कोडच टाका. सी-शार्पमध्ये विंडोजचं ॲप करायचं असेल आणि मशीन १६ जीबीची असेल तर व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती घ्या, विद्यार्थ्यांना ती फुकट आहे. फक्त ती घरून उतरवू नका. कॉलेजच्या नेटवर तिचा ऑफलाइन लेआउट (इन्स्टॉलला लागणाऱ्या सगळ्या फाइलींचा संच) एकदा बनवून हार्ड डिस्कवर ठेवला, की तोच प्रत्येकाच्या मशीनवर टाकता येतो.