शाळेतील ऑनलाइन सुरक्षितता आणि सायबर छळाचा प्रतिबंध

मोबाइल, समाजमाध्यमे, ऑनलाइन खेळ किंवा मेसेजचे ग्रुप वापरून एखाद्या विद्यार्थ्याला जाणूनबुजून आणि वारंवार त्रास देणे म्हणजे सायबर छळ. बोलण्यात त्याला सायबरबुलिंग असेच म्हणतात. असा छळ होऊ नये, झालाच तर तो लवकर उघडकीस यावा आणि मुलांना इंटरनेट निर्धास्तपणे वापरता यावे, यासाठी शाळा जे काम करते त्याचा विचार या नोंदीत केला आहे. नावात ‘सायबर’ असल्यामुळे हा विषय बहुतेक शाळांत संगणकाच्या तासाकडे ढकलला जातो. ही मोठी चूक आहे. छळ पडद्यावर दिसत असला, तरी त्याची मुळे बहुधा वर्गातल्या बाकांवरच असतात.

त्याचे प्रकार मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात. एकाला वगळून सगळ्या वर्गाचा ग्रुप काढायचा आणि त्यात त्याच्यावरच बोलायचे; कुणाच्या नावाने फेक अकाउंट उघडायचे; मैत्रीत कळलेला पासवर्ड वापरून तिच्याच नावाने भलतेसलते मेसेज पाठवायचे; विश्वासाने लिहिलेल्या खासगी मजकुराचा स्क्रीनशॉट सगळीकडे फिरवायचा; फोटोचे मीम करायचे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता साध्या फोटोवरून बनावट अश्लील चित्र तयार करणेही सोपे झाले आहे. चित्र खोटे असले, तरी ज्या मुलीचे ते असते तिची भीती खरीच असते.

शालेय छळाचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी 1970च्या दशकात स्कँडिनेव्हियात सुरू केला. नॉर्वेत 1983 मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी मोहिमेच्या वेळी बर्गेनमधील 42 शाळांत त्यांनी प्रतिबंधाचा कार्यक्रम राबवला. त्यांच्या व्याख्येत तीन खुणा आहेत : हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची असमानता. ऑनलाइन जगात यांपैकी शेवटच्या दोन खुणा वेगळ्या नजरेने पाहाव्या लागतात. पोस्ट एकदाच टाकलेली असते, पण ती शंभर जणांनी पुढे पाठवली की ज्याच्याविषयी ती आहे त्याला शंभर वेळा सोसावे लागते. बळही दंडातले नसते. ज्याच्याकडे दुसऱ्याचे गुपित आहे, ज्याचे नाव कुणाला माहीत नाही किंवा ज्याच्या मागे जास्त मुले आहेत, तो बलवान ठरतो. ‘एकदाच तर गंमत केली’ ही सबब म्हणूनच मान्य करता येत नाही.

समोर उभ्या मुलाचे डोळे भरून आले की चिडवणारा पुष्कळदा थांबतो. पडद्यावर ते डोळे दिसत नाहीत. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये या सुटलेल्या संयमाची कारणे मांडली : आपण ओळखले जात नाही, आपण दिसत नाही, समोरच्याची प्रतिक्रिया लगेच कळत नाही. छळ होणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर पूर्वी शाळा सुटली की निदान घरी सुटका होती, ती आता उरलेली नाही. फोन उशाशी असतो आणि रात्री अकरा वाजताही तो वाजतो.

तरीही ऑनलाइन छळ हे वेगळेच संकट आहे असे समजू नये. ज्यांना ऑनलाइन त्रास होतो त्यांतल्या बहुतेकांना शाळेत प्रत्यक्षातही त्रास होत असतो, आणि देणारे बहुधा तेच असतात, याकडे ओल्वेउस यांनी 2012 मध्ये लक्ष वेधले. शाळेच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. केवळ वेबसाइट बंद करून किंवा मुलांच्या फोनवर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर टाकून हा प्रश्न सुटत नाही; वर्गातले संबंध सुधारले तर पडद्यावरचा त्रासही कमी होतो.

यात बघ्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. कॅनडातील संशोधकांनी शाळेच्या मैदानांवर कॅमेरे लावून छळाचे प्रसंग टिपले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 88 टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त 19 टक्के प्रसंगांत. जिथे कुणी मध्ये पडले, तिथे निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्ये दाखवून दिले होते, की बघे सगळे सारखे नसतात. कुणी हाताशी राहून मदत करतो, कुणी हसून चेतवतो, कुणी लांब राहतो आणि कुणी बाजू घेतो. या पायावर तुर्कू विद्यापीठात ‘किव्हा’ हा शालेय कार्यक्रम तयार झाला. छळणाऱ्याला मिळणारी वाहवा बंद केली की छळात काही अर्थ उरत नाही, असे त्याचे सूत्र आहे.

ऑनलाइन जगात ही वाहवा म्हणजे लाइक, हसणारी इमोजी आणि ‘फॉरवर्ड’. शिक्षकांनी मुलांना ‘अन्यायाविरुद्ध उभे राहा’ असे भाषण देऊन फारसे काही होत नाही. घाबरलेल्या मुलाला ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर बोलायला जमत नाही. त्याला जमेल असे लहान काम सांगावे : पुढे पाठवू नकोस, हसू नकोस, आणि ज्याला त्रास झाला त्याला वेगळा मेसेज कर, ‘मला ते आवडलं नाही, तू ठीक आहेस ना?’ एकट्या पडलेल्या मुलाला या एका ओळीचा किती आधार होतो, हे मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

प्रतिबंधातील सर्वांत अवघड अडथळा मुलांच्या गप्प राहण्याचा आहे. सांगितले तर फोन काढून घेतील, ‘तू तिथे गेलासच कशाला’ असे विचारतील, किंवा सर वर्गात नाव घेतील आणि त्रास वाढेल, अशी भीती त्यांना वाटते. बऱ्याचदा ती खरीही ठरते. म्हणून तक्रार येण्याआधीच शाळेने आणि पालकांनी स्पष्ट सांगून ठेवावे, की सांगणाऱ्याचा फोन जाणार नाही. तक्रार कुणाकडे करायची ते प्रत्येक मुलाला नावानिशी माहीत असावे. जे सांगत नाहीत त्यांच्या वागण्यातून काही खुणा दिसतात. मेसेज आला की चेहरा उतरणे, फोन एकदम पालथा ठेवणे, शाळेला जायच्या वेळी पोट दुखणे, आवडता खेळ सोडून देणे, झोप उडणे. स्वतःला इजा करण्याची भाषा ऐकू आली, तर त्याच दिवशी पालकांना सांगून समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी.

तक्रार आल्यावर दोघांना समोरासमोर उभे करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ म्हणणे ही प्रचलित पण घातक पद्धत आहे. त्यात दुबळ्यालाच पुन्हा एकदा सर्वांदेखत लहान व्हावे लागते. आधी त्याच्याशी एकट्याने, मग छळणाऱ्याशी वेगळे बोलावे. ब्लॉक करण्यापूर्वी तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. एक अपवाद मात्र काटेकोरपणे पाळावा. मजकूर अल्पवयीन मुलाचे नग्न किंवा लैंगिक चित्र असेल, तर शिक्षकांनी ते उतरवून घेऊ नये, जपून ठेवू नये की कुणाला दाखवायलाही पाठवू नये. बहुतेक देशांत असे चित्र बाळगणेही गुन्हा आहे. अशा वेळी थेट पोलिसांकडे आणि त्या ॲपकडे तक्रार करावी. अमेरिकेतील बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र ‘टेक इट डाउन’ ही सेवा चालवते. तीत फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून चित्र शोधून हटवतात. फोटोच्या धाकाने कुणी पैसे मागत असेल, तर पैसे देऊ नयेत. दिले की मागणी वाढत जाते.

छळणारा विद्यार्थीही शाळेचाच असतो. त्याला परिणाम भोगावे लागले पाहिजेत, पण केवळ नाव काढून टाकून शाळेची जबाबदारी संपत नाही. छळ आधी सोसलेली मुले पुढे स्वतः छळताना अनेकदा आढळतात.

खबरदारीच्या सवयी थोडक्यात सांगता येतील : प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवर आलेला कोडही टाकणे), लोकेशन बंद, खेळात भेटलेल्या अनोळखी माणसाला शाळेचे नाव किंवा फोटो न देणे. बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी 13 वर्षांची अट असते, आणि त्या वयात मूल तयार झाले असा पालकांचा समज होतो. हा आकडा मुळात अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यातून आला. त्याहून लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये एवढेच तो कायदा सांगतो. मुलाच्या समजुतीशी त्याचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून खाते उघडण्याच्या वयाची मर्यादा 16 वर नेली.

जपानच्या 2013 च्या कायद्याने शालेय छळाच्या व्याख्येतच इंटरनेटवरील कृत्यांचा समावेश केला. इटलीच्या 2017 च्या कायद्यानुसार प्रत्येक शाळेत या कामासाठी एक शिक्षक नेमावा लागतो आणि 14 वर्षे पूर्ण झालेले मूल मजकूर हटवण्याची मागणी स्वतः करू शकते. ‘हे शाळेबाहेर, रात्री घडले, आमचा काय संबंध’ असे म्हणणाऱ्या शाळांनी या तरतुदी पाहाव्यात. ज्याला रात्री त्रास झाला आणि ज्याने तो दिला, ती मुले सकाळी त्याच वर्गात शेजारी बसणार असतात.

शाळेचे स्वतःचे वागणेही तपासायला हवे. मुलांची नावे, इयत्ता आणि फोटो सर्वांना दिसतील असे टाकणे, कमी गुण मिळालेल्यांची यादी पालकांच्या ग्रुपवर पाठवणे, वर्गात मुलाला टोपणनावाने हिणवणे, हे जिथे चालते तिथली मुले तेच शिकतात.

प्रकरण मिटले असे वाटल्यावर एक काम राहतेच आणि नेमके तेच राहून जाते. ‘किव्हा’त छळ झालेल्या मुलाला काही दिवसांनी मुद्दाम पुन्हा भेटून, त्रास खरोखर थांबला का, हे विचारले जाते. त्याआधी वर्गातल्या दोन-चार वजनदार मुलांना त्याच्या सोबतीला राहण्याची विनंती केलेली असते. डबा खाताना तो आता कुणाबरोबर बसतो, हेही शिक्षकांनी त्या काळात पाहावे.