पिवळ्या पाटीमागचं गणित

विमानतळावर पाटी कोणी थांबून वाचत नाही. एका हातात ट्रॉली, कडेवर मूल आणि चालता चालता वर एक नजर, एवढाच वेळ तिला मिळतो.

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची टर्मिनल इमारत १९६७ साली सुरू झाली, तेव्हापासूनच तिथल्या पाट्या पिवळ्या आहेत. त्या डच डिझायनर बेनो विसिंग यांनी आखल्या. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, त्यामुळे पिवळ्यावर काळी अक्षरं चटकन उठून दिसतात. पुढे १९९०च्या दशकात पॉल माइक्सेनार या दुसऱ्या डच डिझायनरने ही व्यवस्था नव्याने बसवली. गेट आणि सामानाच्या पाट्या पिवळ्या, शौचालयासारख्या सोयींच्या गडद. विमान गाठायचं असेल तर फक्त पिवळं बघत चालायचं! मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते.

अक्षर केवढं हवं? नेत्रतपासणीच्या तक्त्यावर ६/६ च्या ओळीतलं अक्षर डोळ्याशी ५ कलांचा कोन करतं (६० कला म्हणजे १ अंश). हाच हिशेब ३० मीटरला लावला तर उंची येते साधारण ४.४ सेंटिमीटर. पण ही निरोगी डोळ्यांची, एका जागी बसून वाचण्याची मर्यादा. धावपळीतल्या आजोबांसाठी अक्षर याच्या दुप्पट-तिप्पट असलेलं बरं.

देवनागरीत गोष्ट आणखी अवघड होते. मुंबईच्या विमानतळावर लागणारा ‘निर्गमन’ हाच शब्द घ्या. वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात. उकार असेल तर खालीही जागा सोडावी लागते. इंग्रजीएवढ्याच पट्टीत हे सगळं कोंबलं की मूळ अक्षर बारीक होतं आणि लांबून गिचमीड दिसते. मराठी ओळीला उंची जास्तच द्यायला हवी. यात भाषाभिमानाचा संबंध नाही, ही डोळ्याची गरज आहे.

मात्र उत्तम अक्षरातली पाटीही फाटा ओलांडल्यावर दिसली तर कुचकामी. ती वळणाच्या आधी हवी आणि लांबलचक कॉरिडॉरमध्ये मध्येच पुन्हा एक हवी, नाहीतर माणसं आपण चुकलो समजून मागे फिरतात. वर रोखलेल्या बाणाचा घोळ तर सगळीकडेच आहे: सरळ जा की जिना चढा? जिन्यापाशी लावलेल्या पाटीवर बाणाशेजारी जिन्याचं चित्र काढलं, तरी हा गोंधळ बराच मिटतो.