बरगडीला मार लागलाय? पट्टा घेण्याआधी हे वाचा

गाडीवरून पडून नाहीतर बाथरूममध्ये घसरून बरगडीला मार लागला की लोक आमच्या सर्जिकलच्या दुकानात येतात आणि पहिलीच मागणी असते, "पट्टा द्या, एकदम टाइट बसेल असा." हात मोडला की प्लास्टर घालतात ना, मग छातीपण आवळून टाकायची, असं वाटणं साहजिक आहे. पण छातीचा पिंजरा हलण्यासाठीच बनलाय, तो आवळून ठेवला की वेगळंच दुखणं मागे लागतं.

बरगड्यांच्या 12 जोड्या, सगळ्या जोड्या मागे मणक्यांना सांध्यांनी जोडलेल्या. पुढे वरच्या 7 कूर्चेनं (म्हणजे मऊ, लवचिक हाडानं) थेट छातीच्या हाडाला, 8 ते 10 वरच्या बरगडीच्या कूर्चेला, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. श्वास घेतला की वरच्या बरगड्यांमुळे छातीचं हाड वर आणि पुढे येतं, खालच्या मात्र बादलीच्या कडीसारख्या बाजूनं उचलल्या जातात आणि छाती रुंद होते. आत्ताच बघा, दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवा, मधली बोटं पुढे एकमेकांना टेकवा आणि नाकानं सावकाश श्वास घ्या, बोटं लांब जातात की नाही? हे मिनिटाला 12 ते 20 वेळा चालू असतं, झोपेतसुद्धा.

घट्ट पट्ट्यानं नेमकं हेच अडतं. फुफ्फुसाचा खालचा भाग नीट भरत नाही, दुखतंय म्हणून माणूस खोकणंपण टाळतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया व्हायची भीती वाढते, वयस्कर आणि सिगरेट ओढणाऱ्यांना जास्तच. म्हणून डॉक्टरांनी सांगितला असेल तरच पट्टा घ्या, आणि बांधल्यावर पूर्ण खोल श्वास घेता येतोय ना ते इथंच बघून मग घेऊन जा. दिवसरात्र बांधून ठेवू नका.

वेदनाशामक गोळी दिली असेल तर सहन करत बसू नका, दुखणं कमी असेल तरच श्वास खोल जातो. जागे असताना तासातासाला 10 खोल श्वास, आणि खोकताना दुखऱ्या जागेवर उशी दाबून धरायची, याचा खरंच खूप फरक पडतो. साधी मोडलेली बरगडी साधारण 6 आठवड्यांत जुळते.

दम लागला, ताप आला, थुंकीतून रक्त पडलं, किंवा खालच्या बरगड्यांना मार लागून पोटात दुखतंय, चक्कर येतेय, तर दुकानात येऊच नका, सरळ हॉस्पिटल गाठा. त्या बरगड्यांच्या आड उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा असते.