हर्पीस आणि मेंदू: संशयाची शंभर वर्षे

माणसाला बाधणारे हर्पीस कुळातले विषाणू नऊ. ओठावर पाण्याचे फोड आणणारा एचएसव्ही-१, आधी कांजिण्या आणि उतारवयात नागीण देणारा व्हीझेडव्ही, ईबीव्ही (एपस्टाईन-बार विषाणू), एचएचव्ही-६ (माणसाचा हर्पीस विषाणू क्र. ६) हे त्यांतले नेहमीचे. एकदा शिरले की जन्मभर मुक्काम. एचएसव्ही-१ फोडांच्या मधल्या काळात चेतागंडांत (मज्जापेशींच्या पुंजक्यांत) दडतो, हे अमेरिकी रोगतज्ज्ञ अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९२९ मध्येच सुचवले होते.

एचएसव्ही-१मुळे होणाऱ्या मेंदूज्वराबद्दल वाद नाही. १९४१ मध्ये दगावलेल्या एका बाळाच्या मेंदूतून हा विषाणू मिळाला होता. हा आजार विरळा, पण उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावत. असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाने हे चित्र १९८०च्या दशकात पालटले: दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी शिरेतून, १४ ते २१ दिवस. ते भराभर सोडले किंवा शरीरात पाणी कमी असले तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. म्हणून प्रत्येक मात्रा तासभर चालते. निदानासाठी पूर्वी मेंदूचा तुकडा काढावा लागे. पुढे पाठीच्या कण्यातल्या पाण्यात विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणी आली. पहिल्या तीन दिवसांत तीही फसवी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा लक्षणे जुळत असतील तर औषध चालू ठेवून तपासणी पुन्हा करायची.

पण याच पीसीआरने दुसरीकडे, म्हणजे हे विषाणू मेंदूचे जुनाट आजारही घडवतात का या प्रश्नात, घोळ वाढवला. १९९१ मध्ये ब्रिटिश संशोधक रूथ इट्झाकी यांच्या गटाला वृद्धांच्या मेंदूत एचएसव्ही-१चा डीएनए सापडला, पण अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) नसलेल्यांतही! १९९७ मध्ये त्यांनी मांडले की धोका वाढतो तो विषाणू आणि काहींमध्येच असणारे एपीओई-४ हे जनुकाचे रूप एकत्र आल्यावर. मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचे आवरण झिजवणारा आजार) आणि एचएचव्ही-६चीही तीच गत: १९९५ मध्ये तो रुग्णांच्या मेंदूत दिसला, निरोगी मेंदूतही दिसला.

ईबीव्हीमुळे मल्टिपल स्क्लेरोसिस होतो का, हे तपासताना अडचण उलटी होती. तो जवळपास प्रत्येक प्रौढात असतो, मग तुलना कुणाशी? उत्तर अमेरिकी सैन्याच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांत मिळाले. एक कोटीहून अधिक जवानांपैकी ९५५ जणांना सेवाकाळात मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. ईबीव्हीच्या संसर्गानंतर धोका ३२ पट वाढला, तसाच लाळेतून पसरणाऱ्या सीएमव्ही या याच कुळातल्या विषाणूने मात्र वाढला नाही. मज्जातंतूंची झीज दाखवणारे प्रथिनही संसर्गानंतरच चढले. २०२२चा हा अभ्यास म्हणजे आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा.

स्मृतिभ्रंशाबाबत चित्र अजून दुभंगलेले आहे. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस देताना २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारखेची सीमा ठरली. तिच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची तुलना केली, तेव्हा लस घेतलेल्यांत ७ वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला. याउलट सुरुवातीचा अल्झायमर असलेल्या १२० जणांवरच्या चाचणीत ७८ आठवडे व्हॅलासायक्लोव्हिर (शरीरात असायक्लोव्हिर होणारी गोळी) देऊनही फायदा दिसला नाही. उलट औषध घेणाऱ्यांची घसरण जास्त होती. हे औषध फक्त वाढणाऱ्या विषाणूला रोखते. चेतागंडात निजलेल्याला ते हात लावत नाही.