भातखाचरातील तोषा ताग

तोषा ताग (कॉर्कोरस ऑलिटोरियस) हे मूळचे उंचवट्याच्या जमिनीचे वाखपीक. पश्चिम बंगालमध्ये ते आता पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या भातखाचरांतही घेतले जाते. महाराष्ट्रात हिरवळीचे खत म्हणून गाडतात तो ताग, म्हणजे बोरू, ही वेगळी वनस्पती. पोत्यांचा ताग तो हा.

खोलगट शेतांत पूर्वी पांढरा ताग (कॉ. कॅप्सुलॅरिस) असे. वाढल्यावर कमरेइतके पाणी साचले तरी तो तग धरतो. बंगालीत त्याला ‘तिता पाट’ (कडू ताग) म्हणतात आणि तोषाला ‘मिठा पाट’ (गोड ताग). ही नावे पानांच्या भाजीच्या चवीवरून पडली. तोषाचा वाख अधिक मऊ आणि चमकदार, पण रोपे कोवळी असताना मुळाशी पाणी थांबले की पीक हातचे जाते.

उपाय एकच होता, पेरणी मार्चमध्ये ओढायची, म्हणजे पूर येण्याआधी कापणी होते आणि त्याच खाचरात अमन (पावसाळी) भाताची लावणी साधते. पण ताग दिवसाच्या लांबीला फार संवेदनशील. मार्चमधले दिवस लहान, त्यामुळे जुनी वाणे उंची गाठण्याआधीच फुलावर येत, त्यांना फांद्या फुटत आणि वाख आखूड निघे. कोलकात्याजवळच्या बराकपूर येथील ताग संशोधन संस्थेने ‘सुदान ग्रीन’ या आफ्रिकी वाणाशी संकर करून हा दोष घालवला. त्यातून आलेले ‘जेआरओ ५२४’ (नवीन) हे वाण १९७७ मध्ये प्रसारित झाले. बंगालच्या तागशेतीत याहून मोठा पालट दुसऱ्या कुठल्या वाणाने क्वचितच घडवला असेल. आज तिथे तोषाच जास्त पिकतो.

सुमारे १२० दिवसांनी कापलेल्या ताटांच्या पेंढ्या पाण्यात बुडवून कुजवतात. याला ‘जाग देणे’ म्हणतात. पेंढ्या बुडून राहाव्यात म्हणून वर चिखल किंवा केळीचे खुंट ठेवले, तर सोनेरी वाख काळपट पडतो आणि भाव उतरतो. चार महिन्यांच्या कष्टांवर असे पाणी फिरू नये, म्हणून संथ वाहते, स्वच्छ पाणी उत्तम. साल सोलून धुतल्यावर उरणाऱ्या काड्या सरपणाला आणि कुडाला लागतात.

वाखासाठी ताग बी धरण्याआधीच कापावा लागतो आणि मागोमाग शेतात भात उभा राहतो. त्यामुळे बंगालला बियाणे बाहेरून आणावे लागते; त्यातले बरेचसे महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातल्या शेतांत तयार होते.