गंज जातो कुठे?

गंज काढण्यासाठी आठ-दहा तास सोड्याच्या पाण्यात वीज खेळवून बाहेर काढलेला जुना पान्हा चकचकीत नसतो. तो काळा असतो. ओला, मऊ, बोटाला काजळीसारखा लागणारा काळा. पहिल्यांदा हा प्रयोग करणारे पुष्कळ जण इथेच खट्टू होतात, कारण विजेने गंजाचे परत लोखंड होते असे त्यांनी ऐकलेले असते. दुसरा एक समज याहून पक्का आहे: गंज पान्ह्यावरून सुटतो, पाण्यातून जातो आणि टबात समोर लावलेल्या लोखंडी पत्र्यावर जाऊन बसतो. पुरावाही डोळ्यांसमोर असतो. सकाळी पान्हा तांबडा आणि पत्रा स्वच्छ. संध्याकाळी पत्रा तांबडा आणि पान्हा काळा. आणखी काय हवे?

दोन्ही समज चुकीचे आहेत. खरे जे घडते ते या दोन्हींपेक्षा सुंदर आहे, आणि ते त्या काळ्या थरातच आहे.

मांडणी आधी सांगून टाकतो. प्लॅस्टिकचा टब, त्यात पाणी, दर ५ लिटरला एक-दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडाही चालतो, पण काम मंद होते. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा, साध्या लोखंडाचा पत्रा किंवा सळई धन टोकाला. दोघे एकमेकांना टेकता कामा नयेत. जिथे चिमटा लावायचा तिथला गंज आधी घासून धातू उघडा करायचा, कारण गंजातून वीज नीट जात नाही. धन टोकाचा चिमटा पाण्याच्या वर ठेवायचा, नाहीतर पत्र्याबरोबर तोही झिजतो. हल्लीचे काही चार्जर समोर बॅटरी असल्याची खात्री पटल्याशिवाय वीज सोडतच नाहीत. त्यामुळे जुन्या धाटणीचा साधा चार्जर बरा. वीज सुरू केली की पान्ह्यावर बारीक बुडबुड्यांची साय धरते.

आता गंजाकडे वळू. लोखंड गंजते म्हणजे ते इलेक्ट्रॉन गमावते. ओलसर हवेत लोखंडाचा अणू आधी दोन इलेक्ट्रॉन सोडतो, मग तिसरा. ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजन उचलतो, आणि शेवटी लोखंड, ऑक्सिजन व पाणी यांचा तो ओळखीचा तांबूस भुगा तयार होतो. शाळेत याला ऑक्सिडीकरण म्हणतात. आपण पान्हा ऋण टोकाला जोडतो तेव्हा याच्या नेमके उलट करतो: त्याच्यात इलेक्ट्रॉन कोंबतो. हे क्षपण.

पण कोंबलेला इलेक्ट्रॉन गंजापर्यंत पोहोचतो कसा? मला या सगळ्या प्रयोगात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

तांबडा गंज विजेचा फार वाईट वाहक. त्यामुळे काम गंजाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सुरू होत नाही. ते सुरू होते अगदी तळाशी, जिथे गंज धातूला चिकटलेला असतो. धातूतून आलेला इलेक्ट्रॉन तिथल्या गंजाच्या पहिल्या थरात शिरतो आणि तीन-तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या तीन आयनांपैकी (विद्युतभारित अणूंपैकी) एकाला जाऊन मिळतो. त्या तिघांचा मिळून मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, होतो. मॅग्नेटाइटमध्ये दर तीन लोह आयनांतले दोन तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि एक फक्त दोन. हे एवढे साधे दिसणारे गणित पुढे चमत्कार करते, कारण या दोन प्रकारच्या आयनांमध्ये इलेक्ट्रॉन सहज उड्या मारतो. आज हा दोनवाला, तो तीनवाला. पुढच्या क्षणी उलट. म्हणजेच मॅग्नेटाइट वीज वाहून नेतो. तयार झालेला प्रत्येक काळा थर आता वरच्या तांबड्या थरासाठी तार बनतो. इलेक्ट्रॉन त्यातून वर चढतात, पुढचा थर काळा करतात, तो थर त्याच्या वरच्याला वीज पोहोचवतो. गंज स्वतःच स्वतःच्या अंताचा रस्ता बांधत जातो, आतून बाहेर.

आणि गंज सुटतो कशामुळे? तर आकसतो म्हणून. गंजाचा एक नेहमीचा प्रकार गोथाइट. त्याची घनता घन सेंटिमीटरला ४.३ ग्रॅमच्या आसपास, मॅग्नेटाइटची ५.२, लोखंडाची ७.९. एक मोल, म्हणजे सुमारे ५६ ग्रॅम, लोखंड धातू म्हणून सुमारे ७ घन सेंटिमीटर जागा घेते. तेच लोखंड गोथाइट झाले की जवळजवळ २१ घन सेंटिमीटर घेते, तिप्पट. (गंजलेले नट-बोल्ट आट्यांमध्ये का जाम होतात आणि काँक्रीटमधली सळई गंजली की वरचे काँक्रीट का फुटते, याचे उत्तर या तिपटीत आहे.) त्याचे मॅग्नेटाइट झाले की जागा उतरते १५ घन सेंटिमीटरवर. म्हणजे धातूला घट्ट धरून बसलेला थर तळापासून जवळपास तीस टक्के आक्रसतो. त्याला तडे जातात, पकड सुटते. त्यातच धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे तयार होत असतात, ते भेगांतून बाहेर पडताना सैल झालेले पापुद्रे ढकलतात. बुडबुडेच गंज खरवडून काढतात असे अनेकदा सांगितले जाते. ते मदतनीस आहेत. खरे काम आत, घन पदार्थात झालेले असते.

थोडा हिशेबही करून पाहू, कारण तो फार बोलका आहे. दहा ग्रॅम गोथाइटचे मॅग्नेटाइट करायला किती वीज लागेल? दर तीन लोह आयनांमागे एक इलेक्ट्रॉन, एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे ९६,४८५ कुलोम (कुलोम हे विद्युतभाराचे एकक). गणित सोडवले की उत्तर येते ३,६०० कुलोमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बरोबर १ अॅम्पिअर-तास. तेवढ्याच गंजाचे पूर्ण लोखंड करायचे तर दर आयनामागे तीन इलेक्ट्रॉन, म्हणजे नऊपट वीज. वरवर पाहता तेही अवघड वाटत नाही. २ अॅम्पिअरने साडेचार तास. मग लोखंड का होत नाही?

कारण टबात इलेक्ट्रॉनसाठी आणखी एक गिऱ्हाईक बसलेले असते: पाणी. मॅग्नेटाइटचे लोखंड करण्यासाठी विजेची जी ओढ लागते, ती पाण्यातून हायड्रोजन मोकळा करण्यासाठी लागणाऱ्या ओढीपेक्षा थोडीशी जास्त असते, व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी अंतराने. त्यात मॅग्नेटाइट सुस्त, पाणी तत्पर आणि प्रमाणाने प्रचंड. म्हणून बहुतेक इलेक्ट्रॉन पाणीच घेऊन जाते आणि आपल्याला बुडबुडे दिसतात. थोड्या गंजाचे लोखंड होतेही, पण ते भुसभुशीत कणांच्या रूपात. ते मूळ धातूशी एकजीव होत नाही. गंजाने पडलेला खड्डा खड्डाच राहतो. ‘पान्हा नव्यासारखा होतो’ हा दावा म्हणूनच खोटा. धातूचे जे गेले ते गेले. या पद्धतीची थोरवी वेगळी आहे: जे उरले आहे त्यातला कणही ती नेत नाही.

आम्लाशी तुलना करा. आम्लही गंज विरघळवते, पण गंज संपला की थांबत नाही. खालचे चांगले लोखंड खाऊ लागते. विसरलात तर मापच बदलते. इथे मात्र पान्हा ऋण टोकाला आहे तोवर त्याला इलेक्ट्रॉनांचा पुरवठा सतत चालू असतो, आणि ज्याला भरभरून मिळत आहे ते लोखंड गमावेल कशाला? दुसऱ्या दिवसापर्यंत टबात राहिले तरी कोरलेले आकडे, आट्यांच्या कडा, रंध्याच्या पात्यावरची खूण तशीच राहते. ही कल्पना दोनशे वर्षे जुनी आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे तांब्याला इलेक्ट्रॉन पुरवत झिजले, तांबे वाचले. गंमत अशी की तांबे विरघळायचे थांबल्याबरोबर त्याचे विषही पाण्यात उतरायचे थांबले, आणि तळावर शेवाळ व शिंपले वाढून जहाजे मंदावली. डेव्हींचे तत्त्व मात्र पक्के निघाले. त्यांचेच एकेकाळचे सहायक मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकात विद्युत अपघटनाचे नियम मांडले. वर केलेला अॅम्पिअर-तासाचा हिशेब त्या नियमांवरच उभा आहे. फॅरडे यांचे वडील लोहार होते, हे मला प्रत्येक वेळी आठवते.

आता समोरच्या पत्र्याकडे. तो तांबडा होतो तो स्वतःच्या गंजाने. धन टोकाला तो इलेक्ट्रॉन गमावतो, तिथे ऑक्सिजन सुटतो, आणि काही वर्षांत व्हायचे ते त्याचे काही तासांत होते. खात्री करायची असेल तर पान्ह्याऐवजी अजिबात न गंजलेला लोखंडी तुकडा ऋण टोकाला लावून पाहा. पत्रा तरीही गंजेल, पाणी तरीही तपकिरी होईल. हे लक्षात ठेवले तर आणखी एका फसवणुकीपासून सुटका होते. पाय मिठाच्या पाण्यात बुडवून, त्यात वीज सोडून शरीरातली ‘विषारी द्रव्ये’ तळपायांतून बाहेर काढणारी यंत्रे विकली जातात. पाणी तपकिरी होते आणि माणूस थक्क होतो. ते पाणी त्या यंत्रातल्या लोखंडी पट्ट्यांच्या गंजाने रंगते. पाय न बुडवता यंत्र चालवा, तेवढेच रंगेल. शरीरातली नको असलेली द्रव्ये काढायला यकृत आणि मूत्रपिंडे आहेत.

पत्र्याची जागा मात्र महत्त्वाची. वीज पाण्यातून जवळची वाट धरते, त्यामुळे पान्ह्याची पत्र्यासमोरची बाजू लवकर साफ होते आणि पाठ तशीच राहते. एकतर भाग अधूनमधून फिरवा किंवा चारही बाजूंना सळया उभ्या करून त्या एकमेकींना जोडा. अनेक सुटे भाग एकत्र लटकवताना प्रत्येकाला स्वतंत्र तार हवी. मधल्या गंजामुळे एखादा तुकडा विजेपासून तुटला, तर तो नुसताच दोघांच्या मध्ये लोंबकळतो. त्याची पत्र्याकडची बाजू ऋण होते, पान्ह्याकडची धन, आणि धन झालेली बाजू झिजते.

काही गोष्टींत मात्र चालढकल नको. सोड्याऐवजी मीठ टाकू नका: धन टोकाला क्लोरीन तयार होतो, आणि लोखंडाच्या छिद्रांत शिरलेले क्लोराइड पुढच्या गंजाला आमंत्रण देते. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका. ते झिजताना दिसत नाही म्हणून लोकांना मोहात पाडते, पण त्यातला क्रोमियम विरघळून सहा संयुजेचा क्रोमियम होऊ शकतो, आणि तो कर्करोगकारक आहे; पाणी पिवळे दिसू लागले तर ती धोक्याची खूण समजा. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही नको. अॅल्युमिनिअमचा भाग तर टबात घालूच नका, सोड्याच्या आम्लारिधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) पाण्यात तो खाल्ला जातो. जोडणी उलटी झाली तर जपायचा पान्हाच झिजेल, म्हणून वीज सुरू करण्याआधी दोन्ही टोके दोनदा तपासा.

हायड्रोजनचा आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. २ अॅम्पिअर वीज आठ तास चालली तर सुमारे ७ लिटर हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही असले तरी तो पेटू शकतो. टब उघड्यावर ठेवा, वर झाकण नको, आणि चिमट्याला हात लावण्याआधी चार्जरचा प्लग काढा. वीज चालू असताना चिमटा ओढला की ठिणगी नेमकी फेसाजवळ पडते.

हायड्रोजनचा दुसरा धोका दिसत नाही. तो अणुरूपात पोलादात शिरतो. साध्या लोखंडाला त्याचे फारसे काही होत नाही, पण कठीण केलेले पोलाद, स्प्रिंगा, जास्त ताकदीचे बोल्ट त्याने ठिसूळ होतात आणि भार आल्यावर अचानक तुटतात. कारखान्यांत अशा भागांना मुलामा दिल्यावर १९० ते २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून हायड्रोजन हाकलतात. ज्या भागावर कोणाचा जीव अवलंबून आहे, तो या टबात न घातलेलाच बरा.

समुद्रातून काढलेल्या लोखंडाचे काम याहून खूप लांबते. अमेरिकेतली ‘मॉनिटर’ ही युद्धनौका १८६२ च्या अखेरीस बुडाली. तिचा तोफांचा फिरता बुरूज २००२ मध्ये वर काढण्यात आला, आणि त्याच्या जतनात आम्लारिधर्मी द्रावण व वीज यांचीच मदत घेण्यात आली. तिथे गंजापेक्षा मोठा शत्रू आत मुरलेले क्लोराइड असते. ते ऋणप्रभारित, आणि वस्तूही ऋण. त्यामुळे ते हळूहळू बाहेर रेटले जाते. इतके हळू की काम वर्षानुवर्षे चालते.

आपला पान्हा मात्र रात्रीत तयार होतो. प्लग काढा, पान्हा बाहेर घ्या, वाहत्या पाण्याखाली ताठ ब्रशने घासा. काळा थर बहुतेक निघून जाईल आणि खाली राखाडी धातू दिसेल. आता घाई करा. इतक्या उघड्या, ओल्या लोखंडावर काही मिनिटांत नारिंगी झाक येऊ लागते. गरम पाण्यातून काढून लगेच कोरडा करा, गरम हवेचा झोत द्या, तेलाचा हात फिरवा. ब्रशला लागलेला काळा गाळ फेकू नका. कागदावर पसरून वाळू द्या, आणि कागदाखालून चुंबक फिरवा. प्रयोगाआधी खरवडून ठेवलेला तांबडा भुगा शेजारी असेल तर फरक जास्तच उठून दिसेल: तो चुंबकाला जेमतेम दाद देतो, आणि ही काळी पूड कागदावर काट्यांसारखी उभी राहून त्याच्यामागे धावते.