१९७१चे चौपन्न बेपत्ता जवान

५ डिसेंबर १९७१ रोजी ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने भारताचे पाच वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापली. त्यातलं एक नाव ‘टॉम्बे’ असं होतं. ते फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबेच, याबद्दल घरच्यांना शंका नव्हती. त्यांच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पुढची कित्येक दशकं त्यांनी या शोधाला वाहिली.

१९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैदी छावणीत पोहोचला की आठवड्याभरात त्याला घरी कार्ड पाठवू द्यायचं, रेड क्रॉसला भेटू द्यायचं आणि लढाई थांबली की विनाविलंब सोडायचं. पण पकडणाऱ्यानेच नाव नोंदवलं नाही, तर यातलं काहीच सुरू होत नाही. तांबे यांच्याबाबतीत छापील बातमी होती, पण कैद्यांच्या यादीत नाव नव्हतं.

पश्चिम आघाडीवरचे युद्धकैदी डिसेंबर १९७२ मध्ये परतले, त्यांत तांबे आणि इतर बेपत्ता जवान नव्हते. भारताच्या ताब्यात तेव्हा सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते. १९७४ पर्यंत त्यांची पाठवणी पूर्ण झाली. एवढी मोठी बाजू हातात असताना आपल्या माणसांचा नावनिशीवार हिशेब का मागून घेतला गेला नाही, हा कुटुंबीयांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

त्यानंतरची घटना तर जास्तच अस्वस्थ करणारी. मेजर अशोक सुरी यांना मृत घोषित केलं होतं. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांच्या वडिलांना एक चिठ्ठी आली, मी इथे ठीक आहे अशा आशयाची. पुढच्या वर्षी कराचीहून दुसरी आली, त्यात आणखी अधिकारी सोबत असल्याचा उल्लेख होता. हस्ताक्षर पटलं आणि ‘मृत’ हा शेरा बदलून ‘बेपत्ता’ झाला.

१९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत बेपत्तांची यादी मांडली. पुढे ५४ हा आकडा रूढ झाला. २००७ मध्ये १४ नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले, पण ठोस काही हाती लागलं नाही. आमच्याकडे असं कोणीही नाही, ही पाकिस्तानची भूमिका कायम आहे. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. बेपत्ता सैनिकांचा विषय भारत तेव्हाही मांडत आला आहे.